एका कान्याचा फरक

नवी पेठेत कुणी आक्काला विचारलं, "तुमचं ते खालचं दुकान बंद पडलं न्हवं?" की आक्का हातातलं काम थांबवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "काना राहिला तुमचा. बंद पाडलं."

विचारणारा गोंधळायचा. त्यानं आपलं सहज विचारलेलं असायचं. पण आक्काकडं सहज असं काही नव्हतंच. उभा जन्म लग्नपत्रिकांची प्रूफं वाचण्यात गेलेला, त्यामुळं लोकांच्या बोलण्यातले काना-मात्रासुद्धा तिला दिसायचे. "पडलं आणि पाडलं," ती म्हणायची, "एका कान्याचा फरक हाय. पण त्या कान्यात माणूस लपतंय."

आक्काचं नाव महानंदा. माहेर मैंदर्गी. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि संताप आला की दोन्ही एकदम. मी नसीम, तिच्याकडं कॉम्प्युटरवर उर्दू पत्रिका लावायचे. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. ती गेली, पण जाताना तिचा राग माझ्याकडं ठेवून गेली आणि मी तो नीट सांभाळलाय. लोक मला म्हणतात, नसीमआपा, माणूस गेलं की भांडण पण मातीत घालावं. का घालावं? आक्का गेली. ज्यानं केलं तो रोज सकाळी खाली खुर्ची टाकून बसतोय, पान खातोय. त्याला काही झालं नाही, मग माझ्या रागानं का मरावं?

सगळं सांगते म्हणजे कळेल.

दुकान आक्काच्या नवऱ्याचं, बसवराजअण्णांचं. बोर्डावर नाव 'बसवराज ग्राफिक्स'. आमच्या सोलापुरात नवरी मराठीत शिकलेली, सासर कर्नाटकातलं, आणि बापाचे निम्मे दोस्त तेलुगू बोलणारे, असं असतंय. एका पत्रिकेत दोन-दोन, तीन-तीन लिप्या. अण्णा मराठी-तेलुगू लावायचे, आक्का कन्नड बघायची, मी उर्दू. अण्णा छातीत कळ येऊन अचानक गेले, आणि घरातलं सुतक फिटतंय न फिटतंय तोच पाहुणे बसले वाटणीला. मंगळवेढ्याचे एक मामा होते, मिशीवरून हात फिरवत त्यांनीच निकाल दिला. "बाईमाणसाला मशिनी काय करायच्यात? खालचं दुकान शिवानंदला. वरचा माळा वैनीला."

शिवानंद म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. आक्का लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता. त्याचा डबा तिनं भरलेला, त्याच्या तापात उशाशी ती बसलेली. त्यानं नवे कॉम्प्युटर खाली ठेवून घेतले आणि जुनी तीन मशिनं हमालाकडून वर पाठवली. वर म्हणाला, "वैनी, ही डबडी न्या. भंगारवाला पण घेईना झालाय. तुमचा येळ जाईल."

अण्णांच्या नावाचा बोर्ड उतरला, याच्या नावाचा चढला. एवढ्यावर थांबला असता तर आक्कानं कदाचित गिळलंही असतं. पण माळ्याचा जिना त्याच्या काउंटरच्या बगलेतून वर येतो. कुणी गिऱ्हाईक आलं आणि विचारलं, "आक्का कुटं बसतात?" की हा बसल्या जागेवरून सांगायचा, "वरचं बंद पडलंय. काय पायजे बोला." आक्का वरच असायची. जिवंत, चष्मा लावून, जिन्याच्या तोंडाशी. तिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्या दिवशी ती रडली नाही. मला म्हणाली, "तंगी, एक दिवस हा मैदुन जिना चढून वर येणार. त्याच्या पायानं. मला विचारायला. तवर माळा चालू राह्यला पायजे. एवढंच बघायचं हाय मला." मैदुन म्हणजे दीर.

पण माळा चालू राहायचा कशावर? त्या डबड्यांवर? बटण दाबून चहा ठेवावा, तर चहा पिऊन कप धुतला तरी पडद्यावर नुसता गोल फिरतोय. एक अक्षर दाबावं, ते विचार करून उमटावं. आमच्याकडं प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर यायचे. शिवानंदनं त्यांनाही 'बंद पडलंय' सांगितलं होतं, पण ते गुमान जिना चढून आले. त्यांनी एक पेन ड्राइव्ह दिला. म्हणाले, "आक्का, विंडोज सोडा. हे लिनक्स आहे, हलकं. जुन्या मशीनला हेच झेपेल."

भरताना मशीन एकेक गोष्ट विचारत होतं. भाषा कुठली, गाव कुठलं. मग विचारलं, या कॉम्प्युटरचं नाव काय ठेवायचं? सर म्हणाले, काहीही टाका. आक्का थांबली, आणि अण्णा गेल्यावर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. तिनं एकेक अक्षर शोधून इंग्रजीत टाइप केलं, शिवानंद. दुसऱ्या मशीनचं नाव मामा. तिसऱ्याचं पंच, म्हणजे त्या दिवशी माना डोलावणारे सगळेच त्यात आले.

मी म्हटलं, "आक्का, एकाला तरी अण्णांचं नाव द्या की."

"येडी का खुळी तू?" ती माझ्यावरच उसळली. "चांगल्या माणसाला रोज सांजेला बंद करायचं व्हय?"

तेव्हा मला त्या नावांमागचा डाव कळला.

पुढं आक्कानं त्या मशिनींचं जे काही केलं, ते बघायला मजा यायची. आधी तिनं सगळी सजावट काढून टाकली. खिडक्या सरकत उघडणं, सावल्या पडणं, काही नको. "बेडा बेडा, नाटकं बेडा," म्हणत सेटिंगमधली एकेक बरोबरची खूण काढायची. पडद्यावर एक पण चित्र ठेवलं नाही, मोकळं अंगण. काम काढायचं तर रिकाम्या जागेत उजवं बटण दाबायचं, तिथंच यादी उघडायची. खालची पट्टी तिनं वर नेली आणि बारीक केली. पट्टीच्या एका कोपऱ्यात चालू लिपीची खूण, म, क, ते नाहीतर उ, आणि कॅप्स लॉक दाबला की पुढची लिपी. दुसऱ्या कोपऱ्यात मशीनचं नाव, ठळक. ते कशाला, म्हणून सरांनी विचारलं. "कुणाकडनं काम करून घेतोय ते दिसत राह्यला पायजे," ती म्हणाली.

आणि तिची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे कवटी. एखादा प्रोग्रॅम अडकला की ती कंट्रोल, अल्ट आणि एस्केप एकदम दाबायची. माऊसच्या बाणाची कवटी व्हायची, आणि ती कवटी ज्या खिडकीवर टेकवावी ती खिडकी जागच्या जागी खलास. सरांनी हे शिकवलं त्या दिवशी आक्कानं विनाकारण चार-पाच चांगल्या खिडक्या मारल्या. एकदा शहराच्या पूर्व भागातले एक तेलुगू आजोबा नातवाची पत्रिका घेऊन बसले होते. तेवढ्यात शिवानंद अडकला. आक्का पलीकडून ओरडली, "तंगी, शिवानंदला मारू का जरा दम धरू?" मी म्हटलं, "मारा की आक्का, कशाला ठेवताय." आजोबांनी हळूच छत्री उचलली. "अम्मा, मी नंतर येतो," म्हणाले. त्यांना बसवून कवटी दाखवावी लागली. मग मात्र ते इतके हसले, की पुढं त्यांनी त्यांच्या सगळ्या गल्लीची लग्नं आमच्याकडं आणली.

नुसतं हसणंच नव्हतं पण. त्रास पण लई. एक मशीन रोज सकाळी पडद्याची मापं विसरायचं. अक्षरं भोपळ्याएवढी व्हायची. आक्का रोज शिव्या देऊन ते दुरुस्त करायची, शेवटी सरांना फोन करून तिनं एक ओळ लिहून घेतली आणि सुरू होतानाच ती चालेल अशी बसवली. "मशीन विसरतंय," म्हणाली, "मी न्हाई विसरत." कन्नडची जोडाक्षरं तर आधी उमटायचीच नाहीत. खालचं अक्षर एकीकडं, मात्रा एकीकडं, आणि मात्रेला धरायला अक्षर नसलं की तिथं ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. अक्कलकोटकडच्या एका घरची पत्रिका तशी अडली होती. एक फॉन्ट टाकायचा, बघायचा, काढायचा, दुसरा टाकायचा, असं चाललेलं. मी कंटाळले. आक्कानं त्या ठिपक्यांच्या वर्तुळावर बोट ठेवलं. "बघ तंगी. अक्षर गेलं तरी मात्रा जागा सोडत न्हाई." मग पदर खोचला आणि परत बसली. ती पत्रिका दिवस मावळायच्या आत गेली.

संध्याकाळचा मात्र तिचा एक नेम होता. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "तंगीऽ, शिवानंदला बंद केलं का गंऽ?" आणि मी पण तसंच ओरडून सांगायची, "केलं आक्का, केलं!" खाली काउंटरवर बसलेल्या शिवानंदशेठची मान वर व्हायची. हसावं की चिडावं ते त्याला कळायचं नाही.

प्रूफाचा पण तिचा एक कायदा होता. मोबाइलवर फोटो पाठवायचा नाही. घरातल्या जबाबदार माणसानं वर यायचं, समोर बसायचं आणि पत्रिका मोठ्यानं वाचायची. डोळे चुका पोटात घालतात, जीभ घालत नाही, हे अण्णांचं म्हणणं. तोच कायदा तिनं पुढं चालवला.

आणि मग एका लग्नसराईत तो दिवस आला.

शिवानंदच्या पोरीचं लग्न ठरलं. मुलगा विजापूरकडचा, घर मोठं. पोरीच्या पत्रिकेसाठी म्हणून यानं खालची मशिनं बदलली, अगदी नवी घेतली. पण खाली सगळं काम अण्णांनी बसवलेल्या जुन्या मराठी फॉन्टवर चालायचं, आणि ते बसवलं कसं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्या मशीनवर तो फॉन्ट चढवला तर बाकी अक्षरं आली, आणि काना तेवढा गळाला! पत्रिकेतला एकूण एक काना गायब. ऑपरेटर सुट्टीवर जायच्या घाईत, शेठ लग्नाच्या घाईत. प्रूफ कुणी मोठ्यानं वाचलं नाही. गठ्ठेच्या गठ्ठे छापून आले.

नवरीच्या बापाचं नाव छापलं होतं 'शिवनंद'. काकांचं झालं 'कक'. मामा-मामी झाले 'मम-ममी'. आणि व्याह्यांचं नाव नागनाथ, त्यांचा झाला होता 'नगनथ'. कन्नड बाजू तर नुसती चौकोनांची रांग. यातल्या काही पत्रिका वाटल्या पण गेल्या होत्या. व्याह्यांचा विजापूरहून फोन आला, आणि काउंटरवर फोन कानाला लावून शेठ नुसतं "व्हय जी, व्हय जी" करत घाम पुसत होता. मी जिन्यातून बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

तो आधी दुसऱ्या डीटीपीवाल्यांकडं गेला. सगळ्यांकडं लग्नाची गर्दी. त्यात हा धंदा छोटा, कुणाचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत. एकानं त्याच्या तोंडावर विचारलं, "शेठ, तुमच्या डोक्यावर आक्का बसल्यात की. आमच्याकडं कशाला?" दुसऱ्यानं पण तेच विचारलं.

दुपारी जिना वाजला. चप्पल ओढत, थांबत-थांबत. आक्कानं ती चाल ओळखली. ती वळली नाही. पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघत बसली.

"वैनी," तो दारात धापा टाकत उभा राहिला.

आक्का पडद्याकडं बघूनच म्हणाली, "वरचं बंद पडलंय की."

त्यानं चप्पल दाराबाहेर काढली.

"असं नका म्हणू वैनी. पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय."

"मी कुटं म्हणतोय? तूच म्हणतोस. आल्या गिऱ्हाइकाला म्हणतोस." आता ती वळली. "बस हितं. पत्रिका नंतर. आदी एक प्रूफ वाच."

तिनं मोकळ्या पडद्यावर एक पान उघडलं आणि मोठ्या अक्षरात एकच ओळ टाइप केली : बसवराज ग्राफिक्स बंद पडले.

"वाच. मोठ्यानं."

त्यानं वाचलं.

"चूक काढ."

तो बघत राहिला. डोळे बारीक केले, खिशातून चष्मा काढला. "बरोबर हाय की वैनी."

"काना कुटं हाय?"

मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं, पण समजलं नाही असं दाखवावं का, याचा विचार करत असावा. आक्कानं माऊसनं 'प' आणि 'ड' यांच्या मध्ये टिचकी मारली. तिथं बारीक रेघ लुकलुकायला लागली. तिनं कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

"घाल."

डीटीपीचं दुकान चालवणारा हा माणूस, त्याला काना कुठल्या बटणावर असतो ते माहीत नव्हतं. बोट कीबोर्डवरून नुसतं फिरतंय. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी त्याला सापडलं आणि त्यानं दाबलं. पडद्यावर उमटलं : बंद पाडले.

"कुणी?" आक्कानं विचारलं.

त्यानं चष्मा पुसायला घेतला.

"सांगू नको. वर कोपऱ्यात लिवलंय."

त्यानं वर बघितलं. पट्टीच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात त्याचं नाव. गेली इतकी वर्षं रोज संध्याकाळी जे ओरडणं खाली ऐकू यायचं, त्याचा अर्थ त्याला त्या क्षणी लागला. तोंड असं पडलं, की मला ओढणी दाताखाली धरावी लागली.

"वैनी... चुकलं माझं," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "तेवढं नाव काढता का तितनं?"

"नाव काढायचं म्हंजे मशीन पयल्यापासनं भरावं लागतंय. सगळं पुसतंय. तुझी पत्रिका पण जाईल त्यात. काढू?"

"नको नको, राहू दे!"

मशीनचं नाव बदलायला एक ओळ पुरते. ती ओळ मला आक्कानंच शिकवली होती.

पत्रिका तिनं केली, आणि अशी केली, की आजही नमुना म्हणून माझ्याकडं ठेवलीय. मराठी, कन्नड आणि तेलुगू. काना जिथल्या तिथं, जोडाक्षर ठसठशीत. पण प्रूफ कायद्याप्रमाणं. एका भाषेचं एका दिवशी, आणि वर येऊन. शेठचे गुडघे दुखायचे. कठड्याला धरून चढायचा. आक्का जिन्याच्या तोंडाशी उभी राहून, "ये, सावकाश ये, पायऱ्या चढ जरा," म्हणायची. माझ्या जिवाला थंडावा मिळायचा, त्यात लाज कसली?

मराठीच्या प्रूफात पहिली ओळ आक्कानं स्वतःच्या मनानं घातली होती. कै. बसवराज यांच्या कृपाशीर्वादाने. त्याच्या मूळ मजकुरात अण्णांचं नावच नव्हतं.

"हे... राहूनच गेलं होतं," तो म्हणाला.

"राहून जातंय व्हय? वगळलं म्हण. वाच आता."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं वाच. खालपर्यंत ऐकू गेलं पायजे."

त्यानं वाचलं. भावाच्या नावावर त्याचा आवाज फाटला. आक्काचे डोळे पण भरले, पण तिनं ते पुसले नाहीत की त्याला पाणी विचारलं नाही. "पुढं," एवढंच म्हणाली.

लग्नाला या म्हणून तो बायकोला घेऊन अक्षता द्यायला आला. आक्कानं अक्षता घेतल्या, "येतो की," म्हणाली, आणि लग्नाच्या दिवशी सकाळपासून मशीनवर बसून राहिली. त्यानंतर खाली कुणी विचारलं की तो निमूट सांगायचा, "आक्का वर बसत्यात. जावा." माळ्यावर गिऱ्हाइकांची रांग लागली. मी एकदा म्हटलं, "आक्का, जिंकलात की तुमी. आता सोडा."

"पाय चढले त्याचे," ती म्हणाली. "मन खालीच बसलंय. पानाची पिचकारी मारत." आणि संध्याकाळी परत जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "तंगीऽ, शिवानंदला बंद केलं का गंऽ?"

मग आक्काच्या पोटात दुखायला लागलं. ते साधं नव्हतं. दवाखान्यात ती झपाट्यानं वाळली. हाताच्या शिरा दिसायला लागल्या, बोलणं कमी झालं. मी माळा सांभाळून रोज तिच्याकडं जायची.

मी तिला शेवटची बघितली ती एका संध्याकाळी. शिवानंदशेठ आधीच आलेला होता. तोंड पाडून, मोसंबीच्या रसाचा ग्लास हातात धरून खाटेपाशी उभा. आक्कानं डोळे उघडले. ओठ हलले. आम्ही दोघंही वाकलो.

"शिवानंद... कसा हाय?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. डोळ्यांत पाणीच आलं. "मी बरा हाय वैनी," तो म्हणाला. "माझी काळजी नका करू."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. मग मान सावकाश माझ्याकडं वळवली.

"तुला न्हाई," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. "चालतोय आक्का. आज जरा हळू होता, पण चालतोय."

"येताना?"

"बंद करून आले."

"पडला न्हाई न्हवं?"

"न्हाई आक्का. मी केला."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. शिवानंद तिथंच उभा होता, रसाचा ग्लास हातात घेऊन. तो ग्लास कुणीच त्याच्या हातातून घेतला नाही.